ताईचं सुकलेलं माप

त्या रस्त्यावरचे झाडून सगळे दातांचे डॉक्टर त्याला पाठीमागे ‘परतवाले’ म्हणत. समोर अर्थातच ‘सर’. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याच्या दोन खोल्यांत तो कवळ्या बनवायचा. दवाखान्यांतून त्याच्याकडे रुग्णांच्या तोंडाची मापं यायची. माप म्हणजे पत्र्याच्या लहानशा साच्यात थिजलेला गुलाबी लगदा आणि त्यात उमटलेला हिरड्यांचा ठसा. ते मनासारखं नसलं की तो डबीत घालून, वर चिठ्ठी चिकटवून ज्याचं त्याला पाठवून द्यायचा. चिठ्ठीवर एकच शब्द असायचा: ‘परत’. का, कशासाठी, काही नाही. डॉक्टरमंडळी चडफडत, पण दुसऱ्या कुणाकडे जात नसत, कारण त्याच्या हातची कवळी बसली की बसली. त्याची कवळी लावलेले एक निवृत्त पोस्टमास्तर चारचौघांत दाताने बाटलीचं झाकण उघडून दाखवायचे आणि घरी जाऊन बायकोची बोलणी खायचे.

कामाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर त्याने स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती: ‘माप आलं की आधी प्लास्टर, मग चहा.’ तो गुलाबी लगदा भारी लहरी. उघडा राहिला की सुकतो आणि सुकला की आटतो. आटून आटून किती आटणार, तर केसभर. पण जेवताना तोंडात केस आला की काय होतं ते आठवून बघा, म्हणजे केसभर म्हणजे किती ते कळेल. म्हणून माप आल्यापासून पंधरा मिनिटांत त्यात हिरड्यांचा नमुना घडवणारं प्लास्टर ओतलंच पाहिजे, हा त्याचा कायदा होता आणि त्यासाठी त्याने हाताखालच्या चांगल्या चांगल्या माणसांना रडवलं होतं.

अशा या माणसाने सख्ख्या बहिणीचं माप साडेचार तास उघडं ठेवलं.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, वडील जहाजावर, वर्षातून दोनदा पाहुण्यासारखे यायचे. धाकट्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत मास्तरांची माफी मागण्यापर्यंत सगळं ताईने केलं. ती त्याला ‘धाकट्या’च म्हणायची, आता त्याच्या डोक्यावर एकही काळा केस उरला नसतानाही. नवव्या-दहाव्या वर्षी त्याने अंगाच्या साबणाची नवी कोरी वडी कोरून तिचे वरचे-खालचे बत्तीस दात बनवले होते. साबण वाया घालवला म्हणून ताईने पाठीत धपाटा घातला, मग ते दात उजेडात धरून बराच वेळ पाहिले आणि आपल्या ट्रंकेत ठेवून दिले. पुढे शाळा संपल्यावर त्याचं बखोट धरून तिनेच त्याला एका कवळीवाल्याकडे शिकायला नेऊन बसवलं.

ती स्वतः घड्याळांच्या कारखान्यात कॅन्टीनची स्वयंपाकीण होती. एकदा तिथे नवी यंत्रं बसवायला जपानी इंजिनिअर आले आणि दोन वर्षं राहिले. पहिल्या महिन्यात ते कॅन्टीनच्या जेवणाकडे नुसते बघत बसायचे. शेवटी त्यांच्यातल्या एकाची बायको थेट ताईच्या भटारखान्यात शिरली आणि दोघींनी खाणाखुणा करत कोंबडीचे कटलेट तळले. पावाच्या जाड चुऱ्यात घोळलेले, सोनेरी, सुरी लावली की कर्रर्र वाजणारे. इंजिनिअर गेले, यंत्रंही भंगारात गेली, पण कटलेट राहिले. रविवारी ताईकडे जेवायला जायचं म्हणजे कटलेट खायचे, हे पंचवीस वर्षं ठरलेलं होतं. ताई पहिला तुकडा त्याला द्यायची आणि कान देऊन ऐकायची. वाजला की मान डोलवायची. “आवाज आला पाहिजे, धाकट्या. गप्प बसलेला कटलेट काय कामाचा?”

तिचे स्वतःचे दात मात्र एकेक करून गेले. शेवटचे काढले तेव्हा त्याच्या खोल्यांसमोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हाड बरंच झिजलंय तुमचं. अशांना कवळी जरा त्रास देते.” ताईने छाती पुढे काढून सांगितलं, “ती काळजी माझ्या भावाला.”

माप घ्यायला ती दोन बस बदलून आली. तो लगदा तोंडात धरताना तिला उमासे आले, डोळ्यांत पाणी आलं, तीनदा प्रयत्न करावा लागला. साडेअकराला माप त्याच्या टेबलावर पोचलं. त्याच वेळी एक नाटकवाला कवळीचे दोन तुकडे हातात घेऊन जिना चढून आला. संध्याकाळी त्याचा प्रयोग होता आणि तो बोळक्या तोंडाने गयावया करत होता. परतवाल्याने ताईचं माप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. ओलं फडकंसुद्धा घातलं नाही. घरचंच तर आहे, एवढं संपवून घेऊ, असं त्याच्या मनात आलं. नाटकवाल्यामागून आणखी एक काम निघालं, मग जेवण, मग फोन. चार वाजता तो खिडकी लावायला उठला आणि त्याची नजर कट्ट्यावर गेली.

लगद्याच्या कडा साच्यापासून सुटून आत आल्या होत्या. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याने हात न लावता ‘परत’ची चिठ्ठी लिहिली असती. पण ही चिठ्ठी त्याला स्वतःलाच लिहायची होती. ताई एव्हाना घरी पोचली असेल, पुन्हा दोन बस, पुन्हा ते उमासे, अशी कारणं त्याने भराभर गोळा केली. त्या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक कारण होतं, ते त्याने वर येऊ दिलं नाही. त्याने प्लास्टर कालवलं आणि ओतलं.

कवळी दिसायला देखणी झाली. ताईने ती लावली, आरशात पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “बघा, म्हटलं नव्हतं?” त्याने विचारलं, “टोचत नाही ना?” “छे रे, लोण्यासारखी बसलीय.” त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर ताई शेजारीपाजारी, बसमध्ये, बाजारात ओळखीच्या-अनोळखी बायकांना हसून दात दाखवायची. “माझ्या भावाने केलीय!” ते कानावर आलं की तो विषय बदलायचा. पण ती म्हणतेय ना छान आहे, मग आपण कशाला उकरून काढायचं, असं म्हणून तो वेळ मारून न्यायचा. असे चौदा महिने गेले.

या चौदा महिन्यांत रविवारी ताईकडे सूप असायचं, मऊ भात, उकडून कुस्करलेले बटाटे असायचे. शेवटी त्याच्या बायकोनेच विषय काढला. ती परिचारिका म्हणून निवृत्त झालेली; तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे.

“अहो, ताईंनी वर्षभरात एकदाही कटलेट केले नाहीत. आणि उतरल्यात किती, पाहिलंत का?”

त्याने पाहिलं होतं. त्या दिवशी तो बायकोपुढे पहिल्यांदा बोलला, खिडकीच्या कट्ट्यापासून सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मग नवी करून द्या. हिरड्या बदलतात, वर्षाने नवी करावी लागते, असं सांगा. खोटं थोडंच आहे? जुन्याचं काही बोलायलाच नको.”

खरोखरच ते खोटं नव्हतं. हिरड्या बदलतात. एवढं सोपं असताना आपण इतके दिवस जीव टांगणीला लावून बसलो, याचं त्याला हसूच आलं. त्याने ते वाक्य आंघोळीच्या वेळी दोनदा म्हणून पाहिलं. मग ठरवलं की रविवारी ताईला आपल्याकडे बोलवायचं, कटलेट स्वतः करायचे आणि जेवता जेवता हळूच विषय काढायचा. त्याने ताईला फोन लावला आणि कृती विचारली.

ताईचा आवाज एकदम कॅन्टीनमधला झाला. “लिहून घे. कोंबडीच्या छातीचा तुकडा मधून उघडायचा, प्लास्टिकखाली ठेवून लाटण्याने ठोकायचा. सगळीकडे एक जाडी. मीठ, मिरपूड. तीन ताटल्या: मैदा, फेटलेलं अंडं, पावाचा चुरा. चुरा शिळ्या पावाचा, मोठ्या भोकांच्या किसणीवरचा, पीठ करून ठेवशील! एक हात कोरड्याचा, एक ओल्याचा, नाहीतर बोटांचेच कटलेट होतात. चुरा दाबून लावायचा आणि मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. घाई केलीस तर तेलात अंगरखा काढून पोहायला लागतात.”

“आणि तळल्यावर?”

“कागदावर आडवे टाकू नकोस, खालून घामेजतात. जाळीवर उभे करायचे.”

“सगळं पाठ आहे तुला. मग हल्ली करत का नाहीस?”

“तेलकट सोसत नाही रे. पित्त होतं.”

रविवारी सकाळी त्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. बायको दारात हाताची घडी घालून मजा बघत होती. हात मात्र कामाला सरावलेले. चुरा त्याने असा नेमका दाबला की कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. कटलेट ताटात मांडले, घड्याळ लावलं आणि दहा मिनिटं समोर उभा राहिला. ती दहा मिनिटं संपता संपेनात. तुकडाभर कोंबडीसाठी आपण एवढं थांबतो आणि ताईसाठी पाच मिनिटं उठलो नाही, हे त्याचं मन खात राहिलं. तेलात चुऱ्याची एक कणी टाकली, ती बुडून लगेच वर आली. मग एकेक कटलेट सोडला. रंग सुरेख आला. बारीक चिरलेली कोबी, टोमॅटो सॉसमध्ये सोया सॉस नि साखर घालून ढवळलेली चटणी आणि ताईला हवंच म्हणून वाटीभर सूप. पहिला कटलेट कापला तेव्हा दारातून बायको म्हणाली, “ऐकू आला हं इथपर्यंत.”

ताई आली, ताट पाहून तिचा चेहरा फुलला. “अगं बाई! माझ्यापेक्षा बरे केलेस की रे.” एक तुकडा उचलून तिने तोंडात घातला. तो कान देऊन बसला. काही ऐकू आलं नाही. तिने तो जिभेवर धरून ठेवला होता, मऊ व्हायची वाट पाहत. दुसऱ्या तुकड्याचं आवरण तिने काट्याने सोलून सुपात बुडवलं. “मला हल्ली असंच आवडतं,” ती कुणी न विचारता म्हणाली. तिसरा तुकडा रुमालात गेला. तिला वाटलं कुणी पाहिलं नाही. परिचारिकेने पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. आता बोला, असा त्या नजरेचा अर्थ होता, पण तो ताटातली कोबी चिवडत राहिला.

“आलेच हं हात धुऊन,” म्हणून ताई उठली. बराच वेळ झाला. नळाचा आवाज येत होता, त्यात मधेच खस्सखस्स असं काहीतरी. तो आवाज त्याने ओळखला. उभा जन्म तो आवाज ऐकण्यात गेला होता. तो उठून गेला. न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं.

ताई बेसिनपाशी उभी होती. तोंडात दात नव्हते, गाल आत गेलेले. एका हातात कवळी आणि दुसऱ्या हातात नखं घासायची कानस. हजारो बोळकी तोंडं पाहिलेल्या त्या माणसाला हे एक तोंड बघवेना. त्याने तिच्या हातातून कवळी घेतली. डाव्या कडेवर कानशीचे ओरखडे होते, जुन्यावर नवे, किती महिन्यांचे. आतल्या बाजूला कापसाची पातळ घडी दाबून बसवलेली.

“रागावू नकोस रे,” टॉवेल तोंडाशी धरून ताई म्हणाली. दातांवाचून तिचे शब्द सैल पडत होते. “तुझी एवढी छान वस्तू मी बिघडवली. थोडंसंच घासलंय.”

“डॉक्टरीणबाईंकडे का नाही गेलीस?”

“कशाला? त्या तुझ्या कामाला नावं ठेवतील. कवळीत काही दोष नाही, धाकट्या. माझंच तोंड वाईट. हाड झिजलंय म्हणाल्या नव्हत्या का? तू एवढा जीव ओतून केलीस आणि मला मेलीला ती वापरता येत नाही. तुला सांगायची लाज वाटायची.”

त्याचं वाक्य जिभेवर तयार होतं. हिरड्या बदलतात, ताई, वर्षाने नवी करावीच लागते. ताईने तर त्याच्यासाठी रस्ता झाडून ठेवला होता, नुसतं चालत जायचं. पण तिने टॉवेल तोंडावरून काढला नव्हता. आपलं तोंड भावाला दिसू नये म्हणून ती ते झाकून उभी होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुझ्या तोंडाला काही झालेलं नाही, ताई,” तो म्हणाला. “माप सुकलं होतं.”

“म्हणजे?”

त्याने सांगितलं. खिडकीचा कट्टा, नाटकवाला, चार वाजता सुटलेल्या कडा. ती ऐकत स्टुलावर बसली.

“दुसऱ्या कुणाचं असतं तर काय केलं असतंस?”

“परत पाठवलं असतं.”

“मग माझं का नाही?”

इतके दिवस तळाशी दाबून ठेवलेलं ते कारण आता वर आलं. “कारण मला माहीत होतं, टोचली तरी तू काही बोलणार नाहीस.”

ताईने कवळी त्याच्या हातातून काढून घेतली आणि टॉवेलात गुंडाळली. “चौदा महिने,” ती म्हणाली. “रोज सकाळी आरशात बघून मी या तोंडाला शिव्या घातल्या रे.”

ती तशीच, दातांवाचून, बाहेर येऊन टेबलापाशी बसली. टॉवेल मांडीवर ठेवला आणि तोंड उघडं ठेवून सुपात पाव बुडवू लागली. त्याच्या बायकोने तिच्या वाटीत आणखी सूप वाढलं. त्याने स्वतःच्या ताटातले कटलेट बाजूला सारले आणि पावाकडे हात केला.

“नाटकं नकोत,” ताई म्हणाली. “अन्न टाकायचं नाही. खा ते.”

“ताई, माझ्या घशाखाली उतरणार नाही.”

“उतरेल. खा. आणि आवाज करून खा. मला ऐकू दे.”

त्याने तुकडा तोंडात घातला आणि चावला. शांत खोलीत तो कर्रर्र केवढ्याने तरी वाजला. ताई सूप पीत त्याच्याकडे बघत होती. रागाने म्हणावं तर तसंही नाही, नुसती ऐकत होती. त्याने दुसरा तुकडा खाल्ला, तिसरा खाल्ला. कटलेट फर्मास झाले होते, कुठे म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती, आणि प्रत्येक घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ताट रिकामं होईपर्यंत तिने त्याला सोडलं नाही.

सोमवारी ती दोन बस बदलून पुन्हा आली. पुन्हा उमासे आले, या वेळी पाच वेळा. डॉक्टरीणबाईंनी माप काढलं तेव्हा तो दवाखान्याच्या दारातच उभा होता, हातात ओलं फडकं घेऊन. ते माप त्याने छातीशी धरून रस्ता ओलांडून नेलं. ताई मागोमाग जिना चढून गेली, त्याच्याच खुर्चीवर बसली आणि प्लास्टर ओतलं जाईपर्यंत उठली नाही. जाताना तिने भिंतीवरची पाटी वाचली.

तीन आठवड्यांनी, रविवारी, ताईने स्वतःच्या घरी कटलेट तळले. तो खिशात बारीक कानस घेऊन गेला होता. जाळीवर कटलेट उभे होते. ताईने एक कापला, तुकडा तोंडात घातला आणि चावला. आवाज आला. त्याची बायको हसली. तो मात्र ताईच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

“डावीकडे टोचते,” ताई म्हणाली.

त्याने कवळी घेतली, कड घासली, धुतली, परत दिली. तिने आणखी एक घास खाल्ला.

“अजून?”

“अजून जराशी. मागच्या बाजूला.”

तो पुन्हा बेसिनपाशी गेला. असं चार वेळा झालं. कटलेट गार झाले, कोबी मलूल पडली. पाचव्यांदा तिने चावलं, गिळलं, जीभ आतून सगळीकडे फिरवली आणि म्हणाली, “आता बरी आहे.”

“खरंच?”

“खोटं कशाला बोलू?” ती सवयीने बोलून गेली, आणि मग तीही थांबली आणि तोही. तिने मान खाली घालून पुढचा तुकडा कापायला घेतला.

“दाखव बघू,” तो म्हणाला, आणि कवळी पुन्हा हातात घेऊन ती डावी कड त्याने अंगठ्याने अगदी सावकाश तपासली.